अधर्माचे वाटे आणि सैन्याची शिस्त

एखाद्या संस्थेच्या आत घडलेल्या दुष्कृत्याची जबाबदारी कोणाची, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. कृत्य एका माणसाच्या हातून घडते, ते घडू शकेल असे वातावरण अनेकांच्या मौनातून तयार होते आणि ते रोखण्याचा अधिकार प्रमुखाकडे असतो. मग दोषाची वाटणी करायची ती कोणत्या प्रमाणात? सैन्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तेथे आज्ञापालन हा सद्गुण मानला जातो, सहकाऱ्यावरची निष्ठा हा जगण्यामरण्याचा आधार असतो, आणि अन्याय झालेल्या व्यक्तीला दाद मागावी लागते ती बहुधा त्याच अधिकारसाखळीकडे, जिच्या एखाद्या कडीने तिच्यावर अन्याय केलेला असतो. कॅनडाच्या सैन्यदलांत लैंगिक छळ आणि अत्याचार यांविरुद्ध गेली पंचवीस-तीस वर्षे चाललेले सुधारणेचे प्रयत्न या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहेत, कारण दोषाच्या वाटणीची जवळजवळ प्रत्येक रीत तेथे एकदा तरी अजमावून पाहिली गेली.

या वाटणीचा एक अत्यंत नेमका हिशेब महाभारताच्या सभापर्वात आहे. द्रौपदीच्या प्रश्नावर सभा गप्प बसलेली असताना विदुर सभासदांना एक जुनी कथा सांगतो. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरसाचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद होतो, दोघे प्राण पणाला लावतात आणि निवाड्यासाठी प्रल्हादाकडेच जातात. एका पक्षाला स्वतःचा मुलगा असल्यामुळे प्रल्हाद कचरतो आणि जाणूनबुजून उत्तर न देणाऱ्याची गती काय होते, असे कश्यपाला विचारतो. कश्यपाने सांगितलेला नियम असा, की जेथे निंद्य कृत्याची निंदा होत नाही तेथे अधर्माचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, एक चतुर्थांश प्रत्यक्ष करणाऱ्याकडे आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसणाऱ्या सभासदांकडे. परंतु जेथे निंद्याची निंदा होते तेथे प्रमुख निर्दोष ठरतो, सभासद मोकळे होतात आणि सारा दोष एकट्या करणाऱ्यावर येतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही असा हिशेब आहे, मात्र तेथे कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा यांना समान चतुर्थांश दिलेला आहे. सभापर्वातली वाटणी अधिक कठोर आहे, कारण ती प्रमुखाचा वाटा प्रत्यक्ष कर्त्याच्या दुप्पट धरते. प्रल्हाद अखेर आपल्या मुलाविरुद्ध निवाडा देतो. पण विदुराची ही कथा ऐकूनही कौरवसभेतले राजे काही बोलत नाहीत, असे महाभारतकार लगेच नोंदवतात.

ती सभा योद्ध्यांची होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. द्रौपदीचा प्रश्नही मुळात अधिकाराच्या मर्यादेचा होता: जो पुरुष स्वतःला आधीच हरून बसला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला? इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या कायदेशीर युक्तिवादाबद्दल द्रौपदीलाच दोष दिला आहे, त्या प्रसंगी पांडित्य न दाखवता तिने साध्या माणुसकीला हाक घालायला हवी होती, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे मत पटण्यासारखे नाही. माणुसकी जागी असती तर प्रसंगच ओढवला नसता, आणि जेथे ती झोपलेली असते तेथे अधिकार कोणाचा व कोठपर्यंत, हा रुक्ष प्रश्नच दुर्बळाच्या हाती उरतो.

आधुनिक सैनिकाच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. ब्रिटिश सेनानी आणि लेखक जॉन हॅकेट यांनी सैनिकी पेशाचे वैशिष्ट्य ‘अमर्याद दायित्व’ या कल्पनेत सांगितले. म्हणजे सैनिक कायदेशीर हुकुमावरून स्वतःला मरणाच्या धोक्यात घालण्याचे बंधन आगाऊच पत्करतो, आणि इतर कोणत्याही नोकरीत असे बंधन नसते. कॅनडाच्या सैन्याने 2003 मध्ये आपल्या पेशाची जी अधिकृत मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यातही ही कल्पना केंद्रस्थानी आहे. परंतु अमर्याद म्हटले तरी हे समर्पण एका हेतूने बांधलेले असते. देशाच्या संरक्षणासाठी देह धोक्यात घालण्यास दिलेली संमती म्हणजे त्या देहावर वरिष्ठाची किंवा सहकाऱ्याची मालकी मान्य करणे नव्हे. उलट ज्याने एवढे मोठे दान दिले त्याच्या उरलेल्या हक्कांचे रक्षण करण्याचे संस्थेचे कर्तव्य त्या प्रमाणात वाढते. सैन्यातील लैंगिक अत्याचार हा सामान्य गुन्ह्याहून अधिक गंभीर ठरतो तो यामुळे. त्यात देहाची विटंबना तर होतेच, शिवाय ज्या विश्वासावर सैनिक मरण पत्करतो तो विश्वास त्याच्याविरुद्ध वापरला जातो.

कॅनडात हा विषय सार्वजनिक चर्चेत आला तो 1998 मध्ये, ‘मॅक्लीन्स’ या साप्ताहिकाने सैन्यातील बलात्कारांवर प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळे. विचित्र भाग असा, की त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या दुरुस्तीने देशांतर्गत लैंगिक अत्याचाराचे खटले लष्करी न्यायव्यवस्थेतही चालवण्याची मुभा दिली. त्यापूर्वी ते नागरी न्यायालयांपुढेच जात. ज्या वर्षी संस्थेच्या न्यायबुद्धीवर प्रश्नचिन्ह लागले, त्याच वर्षी तिच्या हाती अधिक न्यायाधिकार आला. त्यामागे प्रामाणिक युक्तिवाद होता. शिस्त ही सेनापतीची जबाबदारी असेल तर शिस्तभंगाची चौकशीही त्याच्याच कक्षेत असावी, असे लष्करी विचारपरंपरा मानते. फक्त या युक्तिवादात प्रत्येक सेनापती प्रल्हाद असेल, हे गृहीत धरलेले होते.

2014 मध्ये ‘लाक्त्युआलिते’ आणि ‘मॅक्लीन्स’ या नियतकालिकांनी पुन्हा हा विषय उजेडात आणल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती मारी देशां यांच्याकडे बाह्य परीक्षण सोपवण्यात आले. एप्रिल 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने सैन्यात स्त्रियांना आणि समलिंगी व पारलिंगी सैनिकांना प्रतिकूल अशी लैंगिकतेने भारलेली संस्कृती रुजलेली असल्याचे म्हटले. असभ्य विनोद आणि शेरेबाजी यांपासून प्रत्यक्ष अत्याचारापर्यंतचे वर्तन एका अखंड पट्ट्यावर मांडून, खालच्या टोकाकडे काणाडोळा केल्याने वरच्या टोकाची वाट मोकळी होते, असे त्यांनी दाखवले. पीडित तक्रार करीत नव्हते, कारण आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही आणि नोकरीतील पुढची वाट बंद होईल, ही भीती त्यांना होती. अहवालात दहा शिफारशी होत्या. सैन्याने त्यांपैकी दोन मान्य केल्या आणि आठ ‘तत्त्वतः’ मान्य केल्या. सरकारी कारभाराशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या क्रियाविशेषणाचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

संस्कृती हा शब्द येथे उपयोगी आहे तसाच धोक्याचाही. एखाद्या कृत्याचे मूळ संस्कृतीत आहे असे म्हटले की कर्त्याचा चतुर्थांश धूसर होतो, सभासदांचा चतुर्थांश हजारोंत विभागला जाऊन शून्यवत होतो आणि प्रमुखाचा अर्धा वाटा त्याच्या पूर्वसुरींकडे ढकलता येतो. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी 1946 मध्ये आपल्या राष्ट्राच्या अपराधाचा विचार करताना फौजदारी, राजकीय, नैतिक आणि पारमार्थिक असे दोषाचे चार प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाचा निवाडा करणारे पीठ वेगळे असते, असे सांगितले: पहिल्याचे न्यायालय, दुसऱ्याचे विजेत्याची सत्ता, तिसऱ्याचे स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आणि चौथ्याचे केवळ परमेश्वर. या विभागणीचा फायदा असा, की सामूहिक जबाबदारी मान्य करूनही सामूहिक फौजदारी अपराधाची कल्पना नाकारता येते. कॅनडाने याआधी समूहाला शिक्षा देऊन पाहिले होते. सोमालियातील मोहिमेत 1993 साली एका किशोरवयीन सोमाली मुलाचा कॅनेडियन सैनिकांनी छळ करून खून केला, त्यानंतर 1995 मध्ये संबंधित एअरबोर्न रेजिमेंटच विसर्जित करण्यात आली. पण वरिष्ठांच्या जबाबदारीचा शोध घेणारी चौकशी मात्र सरकारने मध्येच आवरती घ्यायला लावली.

देशां अहवालाला सैन्याने दिलेले उत्तर सैनिकी पद्धतीचे होते. 2015 च्या जुलैमध्ये दलप्रमुख झालेले जनरल जोनाथन व्हान्स यांनी ऑगस्टमध्ये ‘ऑपरेशन ऑनर’ ही मोहीम सुरू केली, म्हणजे संस्कृतिबदल हे एक लष्करी उद्दिष्ट मानून त्यासाठी हुकूम काढले. (मोहिमेच्या नावावरूनच बराकींत अश्लील कोटी रूढ झाली, ही गोष्ट रोगाच्या लक्षणांतच जमा करावी लागेल.) हुकुमाने वर्तन काही प्रमाणात बदलता येते, पण भीती नाहीशी करता येत नाही, विशेषतः जेव्हा ती हुकूम देणाऱ्याविषयीचीच असते. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने 2016 मध्ये केलेल्या पाहणीत नियमित दलातील 960 जणांनी, म्हणजे 1.7 टक्के सैनिकांनी, मागील बारा महिन्यांत लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. संपूर्ण सेवाकाळाचा विचार करता स्त्रियांमध्ये हे प्रमाण 27.3 टक्के होते. 2018 च्या पाहणीत वार्षिक प्रमाण 1.6 टक्के निघाले.

या मोहिमेच्या काळात ज्या नियमाची सर्वाधिक चर्चा झाली तो ‘कळवण्याच्या कर्तव्याचा’. गैरवर्तन ज्याला ज्ञात झाले त्या प्रत्येक सैनिकाने ते वरिष्ठांना कळवलेच पाहिजे, असे सैन्याचे नियम सांगत. वरवर पाहता हा कश्यपाच्या नियमाचाच कायदेशीर अवतार वाटतो, कारण गप्प बसणारा सभासद दोषाचा वाटेकरी होतो हेच तत्त्व त्यात आहे. परंतु महाभारतातला नियम निंदा करण्याची सक्ती ज्यांच्यावर करतो ते सभेत सुरक्षित आसनावर बसलेले आहेत. ज्या स्त्रीवर अन्याय झाला तिच्यावर तो काहीही लादत नाही. कॅनडातील नियमाने हा भेद पुसला. मैत्रिणीजवळ मन मोकळे करणाऱ्या पीडितेची गोष्ट तिच्या इच्छेविरुद्ध चौकशीच्या यंत्रणेत जाऊ लागली, आणि 2018 मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही या सक्तीमुळे काही पीडित पुढे येण्यास कचरतात हे दाखवून दिले. सभासदांचा वाटा वसूल करण्याच्या उत्साहात नियमाने पीडितेकडून तिच्या दुःखावरचा ताबाही काढून घेतला. हा नियम काढून टाकावा, असे नंतरचे बाह्य परीक्षण करणाऱ्या माजी न्यायमूर्ती लुईझ आर्बर यांनी पुढे 2022 मध्ये सुचवले आणि 2024 मध्ये तो रद्द झाला.

प्रमुखाच्या अर्ध्या वाट्याचा प्रश्न 2021 मध्ये उघड्यावर आला. मार्च 2018 मध्ये सैन्याचे लोकपाल गॅरी वॉलबोर्न यांनी खुद्द दलप्रमुखांविषयीची तक्रार संरक्षणमंत्री हरजित सज्जन यांच्यापुढे नेली होती. मंत्र्यांनी पुरावा पाहण्यास नकार दिला, कारण राजकीय व्यक्तीने चौकशीत हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. ती सर्वस्वी निराधार होती असे नाही. परंतु ज्या रचनेत दलप्रमुखाच्या वर मंत्री सोडून कोणी नाही, तेथे मंत्र्याने नजर फिरवली की तक्रारीला जागाच उरत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये व्हान्स यांच्यावरील आरोप माध्यमांतून प्रसिद्ध झाले, आणि त्याच महिन्यात त्यांच्या जागी नुकतेच आलेले ॲडमिरल आर्ट मॅक्डॉनल्ड यांनाही चौकशीमुळे पदावरून बाजूला व्हावे लागले. त्यांच्यावर पुढे कोणताही आरोप ठेवला गेला नाही. व्हान्स यांनी मार्च 2022 मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नागरी न्यायालयात कबूल केला आणि न्यायालयाने त्यांची सशर्त मुक्तता केली. ऑपरेशन ऑनर त्याआधीच गुंडाळण्यात आले होते. त्या काळात एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली: आरोपी ब्रिगेडियर-जनरल किंवा त्याहून वरचा असल्यास कोर्ट मार्शलच्या मंडळाचा ज्येष्ठ सदस्य त्याच्या दर्जाचा किंवा वरचा असावा, असा कायदा असल्यामुळे दलप्रमुखावर लष्करी खटला चालवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य होते. अर्ध्या दोषाचा धनी जो, त्याच्यापुरते न्यायपीठच अस्तित्वात नव्हते.

यातली विसंगती तत्त्वज्ञानाच्या अंगाने फार बोलकी आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात सेनापतीच्या उत्तरदायित्वाचे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर रुजले. हाताखालचे सैनिक गुन्हे करीत आहेत हे ज्याला ठाऊक होते किंवा असायला हवे होते, आणि तरीही ज्याने ते रोखले नाहीत वा शिक्षा केली नाही, तो सेनापती स्वतः दोषी ठरतो, असे ते तत्त्व सांगते. शत्रूपक्षाच्या नागरिकांवर अत्याचार झाला तर जगातील बहुतेक लोकशाही राष्ट्रे हे तत्त्व शिरोधार्य मानतात. आपल्याच बराकीत आपल्याच सैनिकेवर अत्याचार झाला की मात्र ‘ठाऊक असायला हवे होते’ हे शब्द कोणाच्या तोंडी येत नाहीत. एप्रिल 2021 मध्ये ज्यांच्याकडे नवे परीक्षण सोपवले गेले त्या लुईझ आर्बर सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती तर होत्याच, शिवाय युगोस्लाव्हिया आणि रवांडा यांच्यासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांच्या मुख्य अभियोक्ताही होत्या. हे तत्त्व त्यांनी न्यायालयात वापरलेले होते.

आर्बर यांनी मे 2022 मध्ये दिलेल्या अहवालात 48 शिफारशी आहेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची अशी, की देशाच्या हद्दीत सैनिकांकडून घडणारे फौजदारी स्वरूपाचे लैंगिक गुन्हे लष्कराच्या अधिकारक्षेत्रातून पूर्णपणे काढून नागरी पोलीस आणि न्यायालये यांच्याकडे द्यावेत. 1998 मध्ये मिळालेला अधिकार वीस वर्षांत संस्थेला पेलवला नाही, असा हा निर्णय आहे. कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश असू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र त्यामागे आहे आणि या सूत्राची खरी ताकद त्याच्या निराशेत आहे. प्रल्हादाची कथा सांगते की न्यायाधीश पुरेसा धर्मनिष्ठ असेल तर तो स्वतःच्या मुलाविरुद्धही निवाडा देईल. नैसर्गिक न्याय म्हणतो की असा माणूस असेलही, पण संस्था त्याच्या भरवशावर उभारू नये. कौरवसभेत न्यायासनावर गुन्हेगाराचा बाप बसलेला होता आणि तो प्रल्हाद नव्हता.

या शिफारशीवरचे आक्षेप हलके नाहीत. काही प्रांतांनी आणि पोलीस दलांनी मनुष्यबळाचा व खर्चाचा प्रश्न उपस्थित केला. नागरी न्यायालयांतला विलंब कोणापासून लपलेला नाही. आणि निवड पीडितेची असावी, सरसकट सक्ती नको, असे काही पीडितांनीच सांगितले. शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण कळवण्याच्या कर्तव्याने जी चूक केली होती तिचीच दुसरी आवृत्ती येथे होऊ शकते. तथापि अधिकारसाखळीच्या दडपणाखाली केलेली निवड कितपत मुक्त असते, हा प्रतिप्रश्नही तेवढाच खरा आहे.

दुसरा धोका कमी बोलला जातो. न्याय करण्याचा अधिकार बाहेर गेला की दोषाचा वाटाही बाहेर गेला, असे सेनापतींना वाटू लागेल आणि ‘ते आता पोलिसांचे काम’ म्हणून ते हात झटकतील. खरे पाहता अधिकार सोडणे आणि उत्तरदायित्व सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. निवाडा कोणीही केला तरी कोणाला बढती द्यायची, कोणत्या विनोदावर हसायचे आणि तक्रार करणाऱ्या सैनिकेला पुढची नेमणूक कोणती द्यायची, हे युनिटचा प्रमुखच ठरवत राहणार. कश्यपाचा अर्धा वाटा तेथे जन्मतो. डिसेंबर 2021 मध्ये संरक्षणमंत्री अनिता आनंद, दलप्रमुख आणि खात्याचे उपमंत्री यांनी मागितलेली जाहीर माफी, तसेच त्यापूर्वी 2019 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेली 90 कोटी डॉलरपर्यंतच्या भरपाईची तडजोड, यांतून राज्याने यास्पर्स यांच्या अर्थाने राजकीय दोष मान्य केला. नैतिक दोष मात्र संस्थेच्या वतीने मान्य करता येत नाही. तो ज्याचा त्यालाच पत्करावा लागतो.

भारतीय वाचकाने हा प्रश्न परका समजू नये. सेना अधिनियम, 1950 च्या कलम 70 नुसार लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीवर सैनिकाने बलात्कार केल्यास, प्रत्यक्ष सेवेसारखे अपवाद वगळता, कोर्ट मार्शल चालत नाही. पण पीडित व्यक्ती स्वतः सैन्यात असेल तर हे संरक्षण तिला नाही, आणि खटला कोणत्या न्यायपीठापुढे जावा याची पहिली निवड कलम 125 लष्करी अधिकाऱ्याकडे सोपवते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि मे 2025 मध्ये पहिल्या तुकडीतील 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या देहाविषयीचा पहिला निर्णय कोणाच्या हाती असावा, याची चर्चा एखादे प्रकरण घडण्यापूर्वी व्हायला हवी.

कॅनडात जुलै 2024 मध्ये जेनी कॅरिन्यां या दलप्रमुखपदी येणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्याआधी सैन्याच्या वर्तन आणि संस्कृती विभागाच्या त्या प्रमुख होत्या. 2022 ची सांख्यिकी खात्याची पाहणी मात्र वार्षिक प्रमाण 3.5 टक्के सांगते, आणि त्यातला किती भाग प्रत्यक्ष वाढीचा व किती मोकळेपणाने बोलण्याचा, हे आकड्यावरून ठरत नाही. लैंगिक गुन्ह्यांचा अधिकार सैन्याकडून काढून घेणारे विधेयक मार्च 2024 मध्ये संसदेत आले, जानेवारी 2025 मध्ये अधिवेशन संस्थगित झाल्याने ते बारगळले आणि सप्टेंबर 2025 मध्ये नव्या क्रमांकाने पुन्हा मांडावे लागले. म्हणजे देशां यांच्या अहवालाला दहा वर्षे उलटल्यावरही हा बदल कायद्याच्या पुस्तकात पोचलेला नव्हता.